हँडल कोण फिरवणार?

उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून सहलीला कुठे जायचं हे ठरवायला नात्यातली आणि मैत्रीतली बारा माणसं बसली की पहिला तास जागा सुचवण्यात जातो, दुसरा त्या खोडण्यात, आणि तिसऱ्या तासाला कुणीतरी म्हणतं, "तुम्ही ठरवा, आम्हाला काहीही चालेल." असं म्हणणाऱ्याला शेवटी काहीच चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोष त्याचा नाही, हिशेबाचा आहे. चार माणसांत आपसातल्या जोड्या ६ होतात, आठांत २८ आणि बारांत ६६. एकाचं एकाशी पटायचं म्हटलं तरी ६६ ठिकाणी पटायला हवं. त्यात नवऱ्याला डोंगर हवा, बायकोला समुद्र, मुलांना पोहण्याचा तलाव आणि सासऱ्यांना फक्त पंखा.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ठरवणंच बंद करणं. दरवर्षी तीच जागा, तोच आठवडा. दिवस ठरवतानाही तारीख धरू नये, वार धरावा. "अमुक महिन्याचा तिसरा शनिवार" असं एकदा ठरलं की ज्याची त्याची रजा त्याभोवती बसते. तारीख धरली तर ती एका वर्षी मंगळवारी येते आणि तिथून पुन्हा ६६ बोलणी सुरू.

"तीच ती जागा? कंटाळा येईल की," हा आक्षेप नेहमीचा. नवी जागा पहिला दीड दिवस खाऊन टाकते, हे मात्र कुणी मोजत नाही. गरम पाण्याचा नळ कुठला, फ्यूज कुठे, कुठल्या खोलीत दुपारचं ऊन येतं, कुठली खाट करकरते, हे सगळं शोधण्यात पहिला दिवस संपतो. झोपेचंही तसंच. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजाला जागा राहतो. तीच माणसं आठवड्याने त्याच जागी परत झोपली तेव्हा हा फरक गेलेला होता. तीन रात्रींच्या सहलीत एक रात्र अशी अर्धी जागी गेली की दुसऱ्या दिवशीची किरकिर कुठून येते ते कळतं. दोष मात्र भावजयीच्या स्वभावाला दिला जातो.

अर्थात जागेला चिकटून बसण्यातही शहाणपण नाही. एकच अडचण सलग दोन वर्षं आली, म्हणजे पाणी दुपारी जातं किंवा म्हाताऱ्या माणसांना जिना झेपत नाही, तर तिसऱ्या वर्षी जागा बदलावी. जागा बदलली तरी चालतं. कामं आणि माणसं तीच राहिली की झालं.

त्यासाठी एक वही लागते. साधी, शंभर पानी, सहलीच्याच सामानात राहणारी. तीत वर्णनं लिहायची नाहीत. सूर्यास्त सगळ्यांनी पाहिलेला असतो. लिहायचं ते असं: "कात्री नव्हती. मेणबत्त्या ६ नेल्या, १ लागली. उशा ३ कमी. खेळायचे पत्ते ५१च आहेत. परतीच्या दिवशी नाश्त्याला काही उरलं नाही." ही वही शेवटच्या संध्याकाळी सगळे समोर असताना लिहावी. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याने ती कधीच लिहिलेली नसते. दोन वर्षांत तिची अशी यादी होते की सामान बांधायला तासभर पुरतो, आणि "काहीतरी राहिलंय" ही प्रवासभर चालणारी कुरकुरही थांबते.

स्वयंपाकघराचं मात्र यादीने भागत नाही. सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं घर म्हणजे बहुतेक वेळा तोच स्वयंपाक, फक्त जास्त वाईट सुऱ्यांनी. ज्या बाईने वर्षभर घरी ओट्याशी काढलं तिला तिथेही ओटाच मिळाला, तर ती सुट्टी तिच्या नवऱ्याची झाली, तिची नाही. यावर पाळ्या लावतात, पण त्या नवरा-बायकोच्या जोडीने लावतात आणि तिथेच चुकतं. घरची जोडी स्वयंपाकघरात शिरली की घरचीच सवय सुरू होते: एक करतो, दुसरा "काय देऊ?" विचारत उभा राहतो. पाळी नेहमी आडवी लावावी. एकाची बायको आणि दुसऱ्याचा भाऊ, आजोबा आणि कॉलेजातली पुतणी, मित्र आणि मेहुणा. अनोळखी जोडीत "काय देऊ" चालत नाही, स्वतः हात घालावा लागतो. बारा माणसांत सहा जोड्या होतात. चार दिवसांत दुपार-रात्र मिळून आठ जेवणं धरली तर कुणाच्याही वाट्याला दोनपेक्षा जास्त येत नाहीत. भांडी ज्याने रांधलं त्याने घासायची नाहीत, एवढा एकच नियम भिंतीवर लावला तरी पुरे.

आणि प्रत्येक जोडप्याला एक अर्धा दिवस सुटी. मुलं बाकीच्यांकडे, हातात कसलीही यादी नाही, "येताना दूध आणा" नाही. हे आधी पाळीत लिहून ठेवावं लागतं. आयत्या वेळी मागायला संकोच वाटतो, आणि न मागता कुणी देत नाही.

पैशांचं थोडक्यात. एक पिशवी, सुरुवातीला सगळ्यांनी सारखी रक्कम, घरभाडं खोलीगणिक, जेवण डोक्यागणिक, लहान मुलं अर्धी. हिशेब परत निघण्याआधी तिथेच मिटवायचा. महिनाभर रेंगाळलेला हिशेब लहान रकमेचा असला तरी मोठा वाटतो.

आता रस्ता. वर्षभर दोन माणसं घेऊन फिरणारी गाडी उन्हाळ्यात एकदम पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि छपरावर चटया घेऊन निघते. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत टायरच्या हवेचे आकडे चिकटवलेले असतात. त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो आणि नेमका तोच कुणी पाहत नाही. हवा सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की हवेचा दाब १ पीएसआयने (टायरच्या दाबाचं माप) वाढतो, त्यामुळे दोन तास चाललेल्या टायरचा आकडा ३-४ने जास्त दिसतो. तो पाहून कुणी हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो. कमी हवेच्या टायरच्या कडा जास्त वाकतात, तापतात, आणि भर उन्हात फुटतात ते बहुधा असेच. जड सामान तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. छपरावर फक्त हलकं, आणि तेही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनाच्या आत.

पहाटे तीनला निघून "ऊन चुकवायचं" ही कल्पना चांगली आहे, पण चालवणारा रात्री अकराला झोपलेला असेल तर नाही! पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात पेंगुळलेली वेळ. एक तर आदल्या रात्री आठला झोपा, नाहीतर सहाला निघा. दर दोन तासांनी १५ मिनिटं उतरा. आणि थांबलात की गाडीत कुणाला ठेवू नका, झोपलेल्या मुलाला तर पाच मिनिटंही नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच १० अंशांहून जास्त वाढतं. काच बोटभर खाली ठेवण्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

बर्फाच्या पेटीबद्दल लोक उगाच पेटीला दोष देतात. पेटी थंडावा तयार करत नाही, असलेला राखते. खोलीत ठेवलेल्या ३० अंशांच्या पाण्याच्या बाटल्या त्यात टाकल्या तर दर किलोमागे सुमारे ३३० ग्रॅम बर्फ नुसता त्यांना थंड करण्यातच वितळतो. ६ किलो बाटल्या म्हणजे २ किलो बर्फ घरातून निघण्याआधीच गेला. म्हणून जे जाईल ते आधी फ्रिजमधून थंड करूनच जावं, आणि रिकामी पेटीसुद्धा आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून घ्यावी. सामानाच्या आकारमानाच्या दुप्पट बर्फ हे प्रमाण धरा. मोठी लादी हळू वितळते, चुरा भराभर. तळाशी लादी आणि फटींत चुरा असं दोन्ही वापरावं. पाण्याच्या काही बाटल्या अर्धी वीत रिकाम्या ठेवून गोठवल्या की त्या लादीचं काम करतात आणि दुसऱ्या दिवशी प्यायला मिळतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेट्या दोन हव्यात. थंड पेयांची पेटी दिवसात पन्नास वेळा उघडते. दूध, मांस, शिजवलेलं अन्न तिच्यात ठेवलं की संध्याकाळी पोटं बिघडतात. अन्नाच्या पेटीत ५ अंशांच्या आतलं तापमान हवं, आणि ते बघायला साधा थर्मामीटर टाकून ठेवावा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

पाण्याशी गेल्यावर बारा मोठी माणसं काठावर असणं हे सुरक्षित वाटतं. खरं तर तोच धोका आहे. प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवत ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना ओरडायला श्वासच नसतो. मूल शांत झालं की खेळतंय असं समजून मोठी माणसं गप्पांना लागतात.

इथे एक टोपी कामाला येते. भडक रंगाची, कुणालाही न शोभणारी. ती ज्याच्या डोक्यावर तो पाण्यावर नजर ठेवणार. त्याने फोन बघायचा नाही, वाचायचं नाही, दारू तर नाहीच, आणि गप्पा मारल्या तरी तोंड पाण्याकडेच. पाळी १५ मिनिटांची, कारण त्यापुढे लक्ष पातळ होतं. टोपी देताना मुलांची संख्या मोठ्याने म्हणायची: "पाच आहेत, दोन खडकाशी, तीन पाण्यात." घेणाऱ्याने स्वतः मोजून "पाच" म्हटल्याशिवाय टोपी द्यायची नाही. पहिल्या वर्षी सगळे हसतात. दुसऱ्या वर्षी मुलंच विचारायला लागतात, टोपी कुणाकडे आहे? पोहता न येणारं मूल मात्र टोपीच्या भरवशावर सोडायचं नाही. त्याच्यासोबत पाण्यात एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

समुद्र असेल तर जागा निवडताना एक चूक हमखास होते. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, म्हणून मुलांना घेऊन तिथेच उतरतात. बऱ्याचदा तो पट्टा म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाण्याची वाट असते. तिथे खोली जास्त म्हणून लाटा फुटत नाहीत. फेस आणि गढूळ वाळू आत सरकताना दिसली की ओळखावं. हा ओढा एरवी मंद असला तरी जोरात असताना सेकंदाला दोन मीटरहून वेगाने जातो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. तो माणसाला खाली खेचत नाही, फक्त आत नेतो. बुडतात ते किनाऱ्याकडे झुंजून दमल्यामुळे. त्यात सापडलं तर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडून मग तिरकं परत यायचं. काठावरच्यांनी मागे उडी घ्यायची नाही. तरंगणारं काहीही फेकायचं, बंद केलेली रिकामी बर्फाची पेटीसुद्धा चालते. जीवरक्षक असलेला किनारा हाताशी असताना दुसरीकडे पोहायला जाण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

उन्हाचंही तिथेच बघून घ्यावं. सनस्क्रीन लोक अत्तरासारखं लावतात. अंगभर लावायचं तर मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं, निघण्याआधी पंधरा मिनिटं आणि मग दर दोन तासांनी. बारा माणसांना एक छोटी ट्यूब चार दिवस पुरली असेल, तर कुणीच ते नीट लावलेलं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट त्याहून स्वस्त आणि भरवशाचा. ओआरएसचं पाकीट १ लिटरचं असेल तर ते पूर्ण लिटरमध्येच घालायचं. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर क्षार इतके वाढतात की फायद्याऐवजी अपाय होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. उन्हातलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजतंय, तर त्याला पाजत बसू नये. सावली, कपडे सैल, अंगावर भरपूर गार पाणी आणि वारा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन. थंड करणं आधी, नेणं नंतर.

एवढं सगळं करून दुपार उरते. चार वाजताची, घामट, कुणाला झोप नाही आणि बाहेर जायची सोय नाही. भांडणं याच वेळेला होतात. या वेळेसाठी हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट न्यावा.

पॉट म्हणजे लाकडी बादली, तिच्यात धातूचा उभा डबा, डब्यात खरवडणारी पाती आणि वर दातेरी चाकांचं हँडल. नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने १८४३ साली अमेरिकेत अशा यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर त्यात मुळातून बदलावं असं फारसं काही कुणाला सापडलेलं नाही. विजेची यंत्रं आली, ती एकट्या माणसासाठी उत्तम. पण वीस-पंचवीस मिनिटं दहा जणांना एका बादलीभोवती बसवायचं काम त्यांना जमत नाही.

अडीच लिटरच्या डब्याला १ लिटर दूध, अर्धा लिटर साय किंवा क्रीम आणि २५० ग्रॅम साखर. हे डब्याच्या दोन तृतीयांशच भरतं, आणि तेवढंच भरायचं. फिरताना त्यात हवा शिरून ते फुगतं. काठोकाठ भरलं तर झाकणातून वर येतं. मिश्रण चाखल्यावर जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते. म्हणून साखर दुप्पट घालू नये. साखर गोठणबिंदू खाली ओढते आणि मग तासभर फिरवूनही पातळच राहतं. मिश्रण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये पूर्ण गार करायचं. ही पायरी गाळली की काय होतं? गोठायला वेळ लागतो, तेवढा वेळ पाती साय घुसळत राहतात, आणि आइस्क्रीममध्ये लोण्याचे बारीक गोळे येतात. खाताना टाळूला चिकटतं ते तेच.

लाकडी बादली वर्षभर सुकलेली असते, फळ्यांत फटी पडलेल्या असतात. ती आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावी. लाकूड फुगतं, फटी मिटतात. न भिजवलेली बादली अर्ध्या तासात सगळं खारं पाणी जमिनीवर सोडते आणि आइस्क्रीम मध्येच अडतं.

बर्फ एकूण १० किलो, जाडं मीठ २ किलो. बारीक मीठ लगेच विरघळून तळाशी जातं, म्हणून जाडंच. बर्फ गोणपाटात घालून हातोडीने फोडायचा, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे. मोठे ठेवले तर डब्याभोवती पोकळ्या राहतात, पीठ केलं तर त्याचीच लादी बनते. फोडण्याचं काम ज्याला घरात कुणाचा तरी राग आलेला आहे त्याला द्यावं.

डबा बसवून, हँडल लावून, आधी कोरडं दोन-चारदा फिरवून बघायचं. नीट फिरत असेल तर बादली तिसरा हिस्सा नुसत्या बर्फाने भरायची. मग मीठ, मग बर्फ, मग मीठ, अशा थरांनी झाकणाच्या जरा खालपर्यंत. वजनाने ६ भाग बर्फाला १ भाग मीठ. मिठामुळे बर्फ वितळतो, वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून घेतो, आणि खाऱ्या पाण्याचं तापमान शून्याखाली १० अंशांच्या आसपास जातं. मीठ कमी पडलं तर तेवढी थंडी येत नाही, नुसतं फिरवत बसावं लागतं. जास्त झालं तर कडेचा थर पातीने खरवडण्याआधीच दगड होतो, हँडल पाच मिनिटांत अडतं आणि मधलं दूध पातळच राहतं. घाई झालेली माणसं मीठ वाढवतात. नेमकं तेच करू नये. हाताने हा बर्फ ढवळू देऊ नका, विशेषतः मुलांना. उणे १० अंशांचं खारं पाणी बोटं बधिर करून भाजतं. लाकडी पळी ठेवावी.

फिरवायला बसायचा क्रम यंत्रच ठरवतं. सुरुवातीला आत नुसतं दूध असतं, चार वर्षांचं मूलही फिरवू शकतं. ही पहिली पाच-सहा मिनिटं सगळ्यात लहानांची, सावकाश, दीड सेकंदाला एक फेरी. मग हात जरा जड लागतो, तिथे शाळेतली मुलं. मग वेग वाढवायचा म्हणजे हवा भरते, तिथे कॉलेजवाली. शेवटची पाच मिनिटं हँडल दंडाला मागतं, तिथे मावसभाऊ, मेहुणे आणि ज्यांनी सकाळपासून काही केलेलं नाही ते सगळे. तोवर बादलीच फिरायला लागलेली असते, म्हणून वर घडी केलेलं घोंगडं टाकून त्यावर कुणाला तरी बसवतात. हा मान बहुधा आजीचा. तिच्या खालून खरखर येत असते, ती एकेकाचं नाव घेऊन सांगत असते की तू दमलास, त्याला दे. बादलीच्या वरच्या कडेजवळ एक भोक असतं, त्यातून खारं पाणी वाहत राहिलं पाहिजे. एकाने फक्त त्या भोकाकडे बघायचं. बर्फाचा तुकडा त्यात अडकला की पाणी झाकणापर्यंत चढतं आणि सगळी मेहनत खारट होते. हे काम हँडल फिरवायला अजिबात न मागणाऱ्या शांत मुलाला द्यावं. तो ते मन लावून करतो.

फळ घालायचं असेल तर अर्धं गोठल्यावर. आधी घातलं तर आंबट फळाने दूध फाटायची भीती. फोडी असतील तर साखरेत मुरवलेल्या, नाहीतर त्यांतल्या पाण्याचे खडे होतात आणि दातांना लागतात.

हँडल फिरेनासं झालं की थांबायचं. झाकण उघडण्याआधी आजूबाजूचा बर्फ चार बोटं खाली सरकवायचा आणि झाकण कपड्याने दोनदा पुसायचं. एकदा पुसलेल्या झाकणाच्या कडेला मीठ राहतंच. पाती वर काढायची आणि ती चाटायचा हक्क कुणाचा हे आधी ठरलेलं नसेल तर इथे भांडण होतं. (भोक सांभाळणाऱ्याचा, हे न्यायाला धरून आहे.) आतलं आइस्क्रीम या वेळी मऊ, ढिलं असतं. चमच्याने दाबून बसवायचं, झाकणाच्या भोकाला बूच लावायचं, खारं पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला बर्फ-मीठ भरायचं, आता ४ भागांना १ भाग, म्हणजे थंडी आणखी खाली जाते. वरून गोणपाट आणि घोंगडं गुंडाळून सावलीत दीड तास. हे खारं पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नये, झाड मरतं.

शेवटचा दिवस बहुतेक सहलींत वाया जातो. सकाळी आठपासून चादरी, कचरा, हरवलेला एक बूट, चावी परत करायची घाई. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं होतं. पुन्हा कुठला प्रकार कराल असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला निवडला. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट जरा सुसह्य होता. सहलीच्या शेवटी चादरी मोजत कुणी कुणावर ओरडलं तर घरी जाताना तेच आठवतं. म्हणून आवराआवर आदल्या दुपारी करावी, आणि पॉट शेवटच्या संध्याकाळी लावावा. वही तेव्हाच उघडायची, पुढच्या वर्षीचा शनिवार तेव्हाच लिहायचा. पातं चाटत असलेलं माणूस सहसा नाही म्हणत नाही.

मग पॉट धुवायचा. मीठ धातूला रात्रभरात खातं, म्हणून दातेरी चाकं त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, खाण्याला चालेल अशा तेलाचा थेंब द्यायचा. डबा झाकण उघडं ठेवून सुकवायचा, नाहीतर आत वास धरतो. बादली उन्हात नाही, सावलीतच. उन्हात फळ्या आखडतात आणि लोखंडी कडी सैल होऊन खाली घसरते.

तो कुणाच्या घरी जाणार हे दरवर्षी बदलायचं. यंदा मोठ्या भावाकडे गेला तर पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीकडे, मग मित्राकडे. अडगळ होते, माळ्यावर जागा लागते, येता-जाता पायात येतो. पण ज्याच्या घरी पॉट आहे त्याला त्या शनिवारी यावंच लागतं, आणि येताना २ किलो जाडं मीठ आणायचं हे वहीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं.